कापडी डायपर घेताना लेबल नंतर वाचा, शिवण आधी बघा

बाळासाठी कापडी डायपर शोधायला बसलं की पाच मिनिटांत डोकं गरगरायला लागतं. ऑरगॅनिक, बांबू, केमिकल-फ्री, इको-फ्रेंडली, सस्टेनेबल. किमती अडीचशे रुपयांपासून हजाराच्या घरात. आणि आतल्या खोलीतून आवाज येतो, "एवढे पैसे कशाला? जुन्या धोतराचे लंगोट शिव की!" पर्यावरणाच्या हिशेबात हा आतल्या खोलीतला आवाज बराचसा बरोबर आहे. डायपर किती वर्षं टिकतो, किती बाळांना पुरतो आणि धुवून कसा वाळवला जातो, या तीन गोष्टींवर बहुतेक सगळं ठरतं. पाकिटावरचे शब्द त्याच्या नंतर.

आधी डिस्पोजेबल डायपर आतून बघू. एक कोरा डायपर कात्रीने उभा कापा. बाहेरून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, त्यावर कापडासारखं मऊ लागणारं पण प्लॅस्टिकचंच न विणलेलं आवरण, आत लाकडाच्या लगद्याचा भुसभुशीत थर आणि त्यात साखरेसारखे पांढरे बारीक कण. हे कण म्हणजे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. त्यावर पेलाभर पाणी ओता, बघता बघता त्याची जेली होते आणि दाबली तरी पाणी सुटत नाही. बाळ रात्रभर कोरडं झोपतं ते या कणांच्या जोरावर. पण हे सगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि वापरून झाल्यावर त्यात शी-शू असते, त्यामुळे ते सुटे करून पुन्हा वापरणं व्यवहारात जमत नाही. दिवसाला पाच-सहा डायपर धरले तर अडीच वर्षांत एका बाळामागे पाच हजारांच्या आसपास डायपर होतात.

ते जातात कुठे? २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या डायपरना सॅनिटरी कचऱ्यात धरलं. घरातल्यांनी ते नीट गुंडाळून वेगळे द्यायचे आणि गुंडाळायला पिशवी किंवा वेष्टन कंपनीने पाकिटासोबत पुरवायचं, असं त्या नियमांत होतं. प्रत्यक्षात सुटा टाकलेला डायपर कुणाच्या तरी हाताने ओल्या-सुक्यातून बाजूला काढला जातो. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २०१३ मध्ये वापरलेले सॅनिटरी पॅड गोळा करून थेट उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवले होते. माल तुमचा, तर त्याच्या कचऱ्याची जबाबदारीही घ्या, एवढीच त्यांची मागणी होती. पुढे अशा कचऱ्याच्या पुडीवर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघावं लागणार नाही, ही मोहीमही झाली. कापडी डायपरचा विचार करताना मला कार्बनच्या आधी हे हात आठवतात. आपल्या बाळाची शी दुसऱ्या बाईने हाताळावी लागू नये, एवढं कारणही मला पुरतं.

ब्रिटनने मांडलेला हिशेब

तरीही 'कापडी म्हणजे आपोआप पर्यावरणपूरक' असं म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये हा हिशेब सरकारी पातळीवर तीनदा मांडला गेला. २००५ च्या पहिल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की दोन्हींत फारसा फरक नाही. २००८ मध्ये तो पुन्हा केला, तेव्हा अडीच वर्षांसाठी डिस्पोजेबलचं कार्बन उत्सर्जन सुमारे ५५० किलो आणि कापडीचं सुमारे ५७० किलो निघालं. कापडी चक्क थोडा मागे पडला! पण त्याच अहवालात पुढे सांगितलं होतं की मशीन भरून धुतलं, बाहेर दोरीवर वाळवलं आणि तेच डायपर दुसऱ्या मुलालाही वापरले, तर कापडीचा आकडा सुमारे ४० टक्क्यांनी खाली येतो. उलट दरवेळी ड्रायर लावला आणि खूप गरम पाण्यात धुतलं, तर सगळा फायदा धुतला जातो. २०२३ च्या ताज्या अभ्यासात कापडी सुमारे ३४५ किलो आणि डिस्पोजेबल सुमारे ४५७ किलो, म्हणजे कापडी पंचवीस टक्क्यांनी कमी.

आकडे ब्रिटनचे आहेत, ते जसेच्या तसे इकडे लावू नयेत. पण त्यामागचं कारण इथेही तेच आहे. डिस्पोजेबलचा भार मुख्यतः तो बनवण्यात आहे, लगदा आणि प्लॅस्टिक तयार करण्यात. कापडीचा भार मुख्यतः धुण्यात, त्यातही पाणी तापवायला आणि कपडे वाळवायला लागणाऱ्या विजेत. आता आपलं घर बघा. बहुतेकांकडे ड्रायर नाही, गॅलरीत दोरी आहे आणि वर्षाचे आठ महिने कडक ऊन. इथे आपली बाजू मुळातच वरचढ आहे. फक्त आपली बरीच वीज कोळशावर तयार होते, त्यामुळे फ्रंट लोड मशीनचा नव्वद अंशांचा प्रोग्राम रोज लावणाऱ्याने हा फायदा गमावला असं समजावं.

पाण्याचा मुद्दा जास्त अवघड आहे. आठवड्याला तीन वेळा मशीन लावायचं म्हटलं तर फ्रंट लोडला दीड-दोनशे लिटर आणि टॉप लोडला त्याच्या दुपटीच्या आसपास पाणी जादा लागतं. पुण्या-मुंबईतल्या नळाच्या घरात ते जाणवणार नाही. पण एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या आईला "कापडीच वापर" असं मी सांगणार नाही. उन्हाळ्यात टँकर मोजून घेणाऱ्या घराने दिवसा लंगोट, रात्री डिस्पोजेबल आणि मे महिन्यात गरजेप्रमाणे, असं केलं तरी उत्तम आहे. दिवसाचे दोन डायपर वाचले तरी वर्षाला सातशेवर होतात.

प्रकार किती, आणि कुठला कुणासाठी

नावं खूप दिसतात, पण गोष्टी दोनच आहेत: ओल शोषणारं कापड आणि ओल बाहेर येऊ न देणारं आवरण. लंगोट म्हणजे नुसतं शोषणारं कापड. 'कव्हर' म्हणजे नुसतं आवरण, त्यात घडी घातलेलं कापड ठेवायचं. 'पॉकेट' डायपरमध्ये आवरणाला आतून खिसा शिवलेला असतो आणि इन्सर्ट, म्हणजे शोषणारी गादी, त्यात सरकवायची. 'ऑल-इन-वन'मध्ये सगळं एकत्र शिवलेलं. घालायला तो सगळ्यात सोपा आणि वाळायला सगळ्यात उशीर.

माझं मत स्पष्ट आहे: कव्हर आणि सुटं कापड ही जोडी सगळ्यात टिकाऊ आणि सगळ्यात कमी भार टाकणारी. शूने ओलं झालं तर कव्हर पुसून पुन्हा वापरता येतं, फक्त आतलं कापड बदलायचं, म्हणजे कव्हर मोजकीच लागतात. आणि ते कापड सपाट उलगडतं. कोकण, मुंबई, गोवा इथे जुलै महिन्यात सहा पदरी जाड इन्सर्ट दोन-दोन दिवस दमट राहतं आणि त्याला कुबट वास धरतो. तेच कापड एकपदरी उलगडून पंख्याखाली टाकलं तर सकाळपर्यंत वाळतं. दुकानदार हे सांगत नाही, कारण घडीचं कापड दिसायला साधं आणि किमतीला कमी.

आवरणाच्या कापडाला पीयूएल म्हणतात. पॉलिएस्टरच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. म्हणजे हेही प्लॅस्टिकच. कंपनी 'शंभर टक्के नैसर्गिक' म्हणत असेल आणि डायपर वॉटरप्रूफ असेल, तर आवरण कशाचं आहे ते विचारा. लोकरीची कव्हरं परदेशात मिळतात, आपल्या हवेत ती जमणं कठीण. पीयूएल वापरण्यात मला गैर वाटत नाही, कारण एक कव्हर शेकडो वेळा वापरलं जातं. मात्र ते उकळायचं नाही आणि त्यावर इस्त्री फिरवायची नाही, तो थर सुटतो.

आत सुती कापड असेल तर ते हळू शोषतं पण भरपूर टिकतं. हेम्पचं, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं, त्याहून जास्त धरून ठेवतं, पण वाळायला वेळ घेतं. मायक्रोफायबर, म्हणजे पॉलिएस्टरच्या अतिबारीक धाग्यांचं कापड, झटकन शोषतं, पण दाबलं की ओल सोडतं, आणि ते थेट कातडीला लावायचं नाही. कातडीचाही ओलावा ओढून घेतं आणि ती कोरडी पडते. शिवाय सगळ्या पॉलिएस्टरसारखे त्याचे बारीक धागे दर धुण्यात पाण्यासोबत वाहून जातात. नवीन सुती इन्सर्ट पहिल्याच दिवशी गळलं म्हणून नावं ठेवू नका. कापसातला नैसर्गिक तेलकटपणा जायला चार-पाच धुणी लागतात.

हातात घेऊन बघायच्या गोष्टी

एकदम वीसचा संच घेण्याआधी एकच नग मागवा आणि तो नीट तपासा. मांडीजवळचं इलॅस्टिक दोन्ही हातांनी पूर्ण ताणून सोडा. ते लगेच जागेवर यायला हवं, आणि ताणलेलं असताना शिवणीत टाके उसवताना दिसता कामा नयेत. इलॅस्टिक कापडात अडकवून शिवलेलं आहे की नळीत मोकळं आहे ते चाचपा. नळीत असेल तर दोन वर्षांनी कोपऱ्यातले दोन टाके उसवून कुठलाही शिंपी नवं घालून देईल. कापडी डायपर मरतो तो बहुतेक वेळा या इलॅस्टिकपायी, बाकी सगळं शाबूत असताना. म्हणून मी याला पहिलं स्थान देते.

मग प्रेस बटणं. प्रत्येक बटण चार-पाच वेळा लावून काढा आणि मागच्या बाजूने कापड फाटायला लागलंय का बघा. वेल्क्रो लावायला सोपं, पण धुण्यात त्याला दोरे-केस चिकटतात आणि वर्षभरात त्याची पकड जाते. आवरणाची आतली बाजू उजेडात धरा. तो थर सलग हवा, बुडबुडे किंवा सुरकुत्या नकोत. आणि शिवणीचं भोक अन् भोक ही गळण्याची जागा असते, त्यामुळे बुडाच्या मध्यभागी उगाच शिलाई मारलेला डायपर मी घेत नाही.

आता लेबल

गॉट्स (GOTS) हे सेंद्रिय कापडाचं जगभर मानलं जाणारं प्रमाणपत्र. त्यासाठी कमीत कमी ७० टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय असावा लागतो, आणि नुसतं 'ऑरगॅनिक' असा दर्जा लावायचा तर ९५ टक्के. रंग, रसायनं, सांडपाणी आणि कामगारांची स्थिती हेही त्यात तपासलं जातं. पण एक खाच लक्षात ठेवा. सूतगिरणीपासून शेवटची शिलाई करणाऱ्यापर्यंत सगळी साखळी प्रमाणित असेल तरच तयार मालावर ते चिन्ह लावता येतं. "आम्ही गॉट्स कापड वापरतो" असं म्हणणाऱ्या कंपनीकडे स्वतःचं प्रमाणपत्र असेलच असं नाही. चिन्हाखाली परवाना क्रमांक आणि तपासणी संस्थेचं नाव असतं, आणि गॉट्सच्या सार्वजनिक यादीत ते पडताळता येतं. दोन मिनिटांचं काम आहे, कराच.

ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० वेगळं. तयार कापडात हानिकारक रसायनं मर्यादेत आहेत का, एवढंच ते तपासतं. बाळांच्या कपड्यांसाठी त्यातला पहिला वर्ग, म्हणजे तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचा, सगळ्यात कडक आहे. बाळाच्या कातडीसाठी ही खात्री मोलाची. पण कापूस कसा पिकवला, याबद्दल ते काहीच सांगत नाही.

कापूस कसा पिकवला हा प्रश्न महाराष्ट्रात पुस्तकी नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. सेंद्रिय कापसाला चार पैसे जास्त द्यावेत असं मला वाटतं, ते बाळाच्या कातडीइतकंच त्या फवारणी करणाऱ्यांसाठी. त्याच वेळी हेही माहीत असावं की २०२० मध्ये भारतातल्या सुमारे २० हजार टन कापसाची सेंद्रिय कागदपत्रं बनावट असल्याचं खुद्द गॉट्सनेच उघड केलं. प्रमाणपत्र असावं, पण कापूस कुठल्या भागातला, कुठल्या शेतकरी गटाचा, हे सांगू शकणारी कंपनी त्याहून बरी.

बांबूबद्दल मात्र मी सावध राहायला सांगेन. बांबू झपाट्याने वाढतो, खत-पाणी कमी लागतं, हे खरं. पण मऊसूत 'बांबू कापड' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं: बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांसारख्या रसायनांत विरघळवून त्याचा नव्याने काढलेला धागा. कार्बन डायसल्फाइड कारखान्यात काम करणाऱ्यांच्या मज्जासंस्थेला घातक आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये असंच व्हिस्कोस, म्हणजेच रेयॉन, 'बांबू' म्हणून पर्यावरणपूरक दाव्यांसह विकल्याबद्दल वॉलमार्ट आणि कोल्स या दुकानांच्या साखळ्यांना अनुक्रमे ३० लाख आणि २५ लाख डॉलरचा भुर्दंड बसला. तसंच 'विघटनशील' डिस्पोजेबल डायपरचं. वरचा थर बांबूचा असला तरी आत ओल धरणारे कण आणि इलॅस्टिक असतंच, आणि जो थर कुजायचा तो विशिष्ट तापमानाच्या कंपोस्ट प्रकल्पात कुजतो. कचरा डेपोच्या ढिगाऱ्याखाली हवा नसताना कुजला तर मिथेन हा तापमान वाढवणारा वायू सोडतो.

आपल्याकडेही आता नियम आहे. १५ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हरित दाव्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली', 'सस्टेनेबल' असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि पुरेशा खुलाशाशिवाय वापरता येत नाहीत. पुरावा ग्राहकाला क्यूआर कोड किंवा दुव्यावरून पाहता यायला हवा. तो नसेल तर कंपनीला लिहून विचारा. उत्तर गोलमोल आलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

कंपनीची पारख

चांगली कंपनी ओळखायला मी तिचं विक्रीपश्चात वागणं बघते. सुटे इन्सर्ट विकते का? एखादं बटण तुटलं तर दुरुस्तीची सोय सांगते का? धुण्याच्या सूचना मराठी-हिंदीत, सविस्तर देते का, की फक्त मॉडेलचे फोटो? शिलाई कुठे होते, तिथे काम करणाऱ्या बायकांना मजुरी कशी मिळते, यावर मोकळेपणाने बोलते का? मुंबईत पल्लवी उटगी यांनी २०१६ साली सुरू केलेल्या सुपरबॉटम्ससारख्या कंपन्यांमुळे हा माल आता आपल्याकडेच बनतो, परदेशातून मागवायची गरज उरलेली नाही. कुठलीही कंपनी असो, हे प्रश्न तिला विचाराच. आणि दर महिन्याला नवी नक्षी, 'लिमिटेड एडिशन', तीस नगांचा महासंच असा सतत आग्रह धरणारी कंपनी कापड कितीही सेंद्रिय वापरत असली तरी मला पर्यावरणपूरक वाटत नाही. दिवसाआड धुणाऱ्या घराला पंधरा-वीस नग भरपूर होतात. कव्हर पद्धत असेल तर सहा-सात कव्हरं आणि वीस-पंचवीस कापडं. नवजात बाळाला तर पहिले दोन-तीन महिने मऊ सुती लंगोटच सोयीचे. ते गल्लीतली शिवणकाम करणारी बाईही जुन्या पातळांतून शिवून देईल, आणि नवं कापड विणलंच जाणार नाही.

धुणं आणि वाळवणं

उष्टावण होईपर्यंत अंगावरच्या दुधाची शी पाण्यात सहज विरघळते. नंतर ती आधी संडासात झटकायची, जेट स्प्रेने साफ करायची. ओले डायपर बादलीत भिजत ठेवू नका. त्याने वास वाढतो आणि इलॅस्टिक लवकर सैल होतं. कोरड्या, उघड्या टोपलीत ठेवा, आधी साध्या पाण्याचा एक फेरा आणि मग पावडर घालून मुख्य धुणं. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा थर बसून कापड पाणी शोषणं सोडून देतं. जाडसर डायपर क्रीमचंही तेच होतं. क्रीम लावायचंच झालं तर मध्ये मलमलचा तुकडा ठेवा. बोअरवेलचं जड पाणी असेल तर पावडरीचा अंश कापडात साचत जातो आणि काही महिन्यांनी शूचा झोंबणारा वास यायला लागतो. अशा वेळी पावडर न घालता, फेस येणं थांबेपर्यंत कोमट पाण्यातून इन्सर्ट काढायची. वाळवताना इन्सर्ट कडक उन्हात, कव्हर सावलीत.

आणि डायपरची संख्या कमी करायचा सगळ्यात खात्रीचा उपाय आजीकडे आहे. सकाळी उठल्यावर आणि पाजल्यानंतर बाळाला आपल्या दोन पायांवर बसवून 'शूऽऽ' करायचं. मान धरायला लागलेलं बाळ थोड्या दिवसांत त्याला प्रतिसाद द्यायला लागतं. रोज थोडा वेळ त्याला मोकळंही ठेवावं, त्याने पुरळ येणं कमी होतं.

दुसऱ्याचे वापरलेले डायपर घ्यायला बरेच जण बिचकतात. वास्तविक ब्रिटनच्या अहवालातल्या त्या ४० टक्क्यांच्या फायद्याचा एक भाग इथेच लपलेला आहे. घेताना इलॅस्टिक ताणून बघा, आवरण उजेडात धरून बघा, इन्सर्ट साठ अंशांत एकदा धुवून उन्हात टाका, झालं. बाळंतविड्यात चौथं झबलं आणि पाचवी खेळणी देण्यापेक्षा दोन कव्हरं आणि सहा सुती कापडं द्यायला हरकत नाही. दोन-तीन मुलांनी वापरून झालेल्या सुती इन्सर्टची घरात फडकी होतात. पीयूएलच्या कव्हराला मात्र पुढे वाट नाही, ते शेवटी सुक्या कचऱ्यातच जातं. म्हणूनच ती मोजकी घ्यायची, आणि इलॅस्टिक बदलून जितकी चालतील तितकी चालवायची.